उपाशी या म्हणजे उपवास करून या नव्हे
(तोंडातून होणाऱ्या हृदयाच्या इकोसाठी नंबर लावलेल्यांना)

‘रात्री बारानंतर उपाशी’ असं आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो, आदल्या संध्याकाळी फोन करूनही सांगतो. तरी सोमवारी आणि चतुर्थीला हमखास कुणीतरी साबुदाण्याची खिचडी खाऊन मिरजेत हजर होतं. विचारलं तर म्हणतात, “उपाशीच आहे की, उपवास धरलाय!” मग त्या दिवशीची तपासणी होत नाही. जत, आटपाडी, अथणीहून पहाटेची एसटी धरून आलेला पेशंट आणि सोबतची दोन माणसं तशीच परत जातात, आणि झडपेच्या ऑपरेशनची तारीखही पुढं ढकलावी लागते. घोळ थोडा आमच्या शब्दाचाही आहे, म्हणून हा कागद.

दुसरा घोळ ‘सोनोग्राफी’ या शब्दाचा. पोटाच्या सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून बसवतात. छातीवर जेल लावून करतात ती साधी टू-डी इको जेवूनही चालते. तुम्ही ती केलेली आहेच. ही तपासणी मात्र वेगळी. हिच्यात करंगळीएवढ्या जाडीची लवचिक नळी तोंडातून अन्ननलिकेत सरकवतात. हृदयाचा डावा वरचा कप्पा अन्ननलिकेला अगदी खेटून असतो. मध्ये ना बरगडी, ना फुप्फुस. त्यामुळे झडपेची गळती, पडद्याचं छिद्र, कोपऱ्यात साचलेली रक्ताची गुठळी नीट दिसते. फुग्यानं झडप उघडायची असेल तर त्या कोपऱ्यात गुठळी नाही ना, याची खात्री आधी करावीच लागते.

आता खिचडीनं काय बिघडतं ते. नळी जाताना उमासे येऊ नयेत म्हणून आम्ही घशात बधिर करणारा स्प्रे मारतो आणि गुंगीचं थोडं औषध देतो. एरवी पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेनं गेला तर ठसका लागतो आणि तो बाहेर पडतो. श्वासनलिकेची ही राखण स्प्रेनंतर ढिली पडते. अशा वेळी पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. आधीच दमलेल्या हृदयाच्या माणसाला ते झेपत नाही, प्रसंगी व्हेंटिलेटर लावायची वेळ येते. ऑपरेशन चालू असताना हीच तपासणी भुलीखाली करतात, तेव्हा श्वासनलिकेत वेगळी नळी असते आणि तिचा फुगा वाट अडवून धरतो. आमच्याकडे तुमच्या घशात तसा फुगा नसतो. रिकामं पोट हाच तुमचा फुगा.

हिशोब असा. जेवण, नाश्ता, दूध, बिस्कीट, उपवासाचं काहीही : किमान 6 तास आधी बंद. तळलेलं किंवा मटण असेल तर 8 तास. दुधाचा चहा हे जेवणच समजा, कारण दूध पोटात गेल्यावर घट्ट होतं. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल. मग आम्ही सरसकट रात्री बारा का म्हणतो? कारण सकाळी आधीचा नंबर रद्द झाला तर तुम्हाला पुढं घेता येतं. आणि खरं सांगायचं तर, ‘6 तास’ सांगितलं की लोक एसटी स्टँडवरचा चहा त्यात धरत नाहीत.

खाल्लं असेल तर लपवू नका. एका काकांनी स्प्रे मारून झाल्यावर खिचडीचं सांगितलं. आम्ही तिथंच थांबलो, ते चिडले. पण चुकून खाल्लं म्हणून आम्ही पैसे कापत नाही, दुसरा नंबर देतो. फक्त त्याच दिवशी मिळेलच असं नाही. प्रत्येक पेशंटनंतर नळी धुऊन जंतुनाशकात ठरावीक वेळ बुडवावी लागते, त्यात आम्ही घाई करत नाही.

आणखी काही गोष्टी फोनवरच सांगा. गुटखा-मावा खाणाऱ्यांचं तोंड पुरतं उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावतात का बघा. कवळी, हलणारा दात, गिळताना अडकणं, रक्ताची उलटी, घोरताना श्वास थांबणं हेही सांगा. वजनासाठी किंवा शुगरसाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर पोट उशिरा रिकामं होतं, तुम्हाला वेगळा हिशोब देऊ. शुगरवाल्यांना आम्ही पहिला नंबर देतो. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी उपाशीपोटी घ्यायची की नाही, हे आधी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका.

“दुसरीकडे स्वस्तात होते,” असंही ऐकतो. होत असेल. आमच्याकडे प्रत्येक तपासणीला भूलतज्ज्ञ उशाशी उभे असतात, ऑक्सिजन आणि लाळ ओढायचं मशीन चालू असतं. तुम्हाला डाव्या कुशीवर घेतो, दातांत गार्ड देतो. तपासणी बहुधा 15-20 मिनिटांत उरकते. रिपोर्ट त्याच दिवशी सर्जनकडे पोचतो.

नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दीड-दोन तास, काही घ्यायचं नाही. आधी आमच्या सिस्टर घोटभर पाणी देऊन बघतील. त्या दिवशी गाडी चालवू नका, सोबत एक जाणतं माणूस हवंच. समोरच्या टपरीवाल्यालाही सांगून ठेवलंय : हाताला आमची पट्टी दिसली की चहा द्यायचा नाही.