सीटीच्या परवान्यावर पेट-सीटी चालत नाही

गंगापूर रोड असो की मुंबई नाका, नाशिकमध्ये हॉस्पिटल बांधणारे डॉक्टर हमखास विचारतात, "सीटीची परवानगी आहेच. पुढे त्याच खोलीत पेट-सीटी बसवलं तर?" पेट-सीटी म्हणजे सीटीला जोडलेलं, अंगात टोचलेल्या किरणोत्सारी औषधाचे किरण टिपणारं यंत्र. बाहेरून दोन्ही यंत्रं सारखीच दिसतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण उत्तर 'नाही' असंच आहे.

सीटीत क्ष-किरण नळीत तयार होतात. बटण बंद की किरण बंद, रुग्ण लगेच घरी जायला मोकळा. म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाचा भर तिथे यंत्रावर आणि त्या एका खोलीवर असतो: मॉडेलला टाइप अप्रूव्हल (मंडळाची सुरक्षा-मान्यता) आहे का, भिंती-दारं किरण अडवतात का, चाचण्या वेळेवर होतात का.

पेट-सीटीतल्या सीटीला हे सगळं लागतंच. पेटचा भाग मात्र स्वतः काहीच सोडत नाही, तो फक्त टिपतो. किरण येतात रुग्णाच्या अंगातून! एफडीजी या साखरेसारख्या किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिल्यावर तो साधारण तासभर पडून राहतो, मग स्कॅन. त्या तासात माणूसच किरणांचा स्रोत असतो, आणि नियमांचा खरा जीव तिथे आहे. औषध हाताळायची हॉट लॅब वेगळी, इंजेक्शनची खोली वेगळी, इंजेक्शन घेतलेल्यांना बसायची जागा आणि शौचालयही वेगळं. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांसाठी किरणांची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचं एकक) आहे. म्हणून कळकळीने सांगतो, पहिली वीट रचण्याआधी नकाशा मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर मंजूर करून घ्या.

माणसांचंही तसंच. सीटीचा आरएसओ (किरण सुरक्षा अधिकारी) इथे आपोआप चालत नाही, उघडं किरणोत्सारी द्रव्य हाताळण्याची पात्रता वेगळी. शिवाय न्यूक्लियर मेडिसिनचे डॉक्टर हवेत.

औषध मागवायलाही मंडळाची मंजुरी लागते. एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटं. मुंबईच्या सायक्लोट्रॉनवरून (हे द्रव्य बनवणाऱ्या यंत्रावरून) निघालेली शिशाची पेटी कसारा घाट चढून ३ तास ४० मिनिटांनी पोचली, तर आत पाव हिस्साच उरतो. त्या हिशेबाने मागणी जास्त नोंदवावी लागते.

सीटीनंतर किरणोत्सारी कचरा उरत नाही. इथे सिरिंज आणि कापूससुद्धा शिशाच्या डब्यात ठेवून, किरण विरल्याचं मोजून मगच बाहेर जातात. त्या डब्यांची जागाही नकाशात दाखवावी लागते.