साहस शिबिरात मुलांचे दादा-ताई होऊन येताय?
(ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघांसाठी माहितीपत्रक)

सलाम.

ईस्टर झाला, दहावीचे पेपर आटोपले, की आम्हा शिबिर घेणाऱ्यांना मंडळ्यांचे फोन सुरू होतात. साताऱ्यातून, वाईतून, कराडहून, थेट मिरजेहून. विचारणा ठरलेली असते: तंबू किती, दोर कसले, जेवायला काय, दर किती. ही उत्तरं सोबतच्या दरपत्रकात आहेत. हे पत्रक मात्र १३ ते १७ वयाच्या मुलांबरोबर येणाऱ्या दादा-ताईंसाठी आहे. शिबिर रंगणार की बिघडणार हे पुष्कळसं त्यांच्यावर असतं आणि नेमकं त्यांनाच आधी कुणी काही सांगितलेलं नसतं. त्यांची निवडही अशीच: रविवार शाळेत शिकवतो, गिटार वाजवतो, सुटी मिळाली आहे. चला, बसवा गाडीत!

कामाची वाटणी सरळ आहे. दोर, खडक, पाणी, स्वयंपाक आमच्याकडे. प्रार्थना, मनन, संदेश तुमच्याकडे. त्यात आम्ही तोंड घालत नाही. आमच्यातले निम्मे जण वारकरी घरांतले आहेत, प्रार्थनेच्या वेळी टोपी काढून मागे उभे राहतात. आणि मुलं? मुलं चोवीस तास तुमची. दर आठ मुलांमागे एक दादा किंवा ताई हवीच, आणि मुली असतील तर ताईशिवाय गट घेत नाही.

कड्यावर

रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरताना, मूल कड्याच्या काठाशी पाठमोरं उभं राहतं. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) आवळलेलं, हेल्मेट घातलेलं, मुख्य दोराशिवाय दुसरा सुरक्षा दोर आमच्या माणसाच्या हातात. इथवर सगळं ठीक. मग गुडघे लटपटायला लागतात, दोन्ही हात दोर घट्ट धरतात आणि अंग पुढे, खडकाकडे झुकतं. पाय सटकतात ते यामुळे. मागे रेलून हार्नेसमध्ये खुर्चीत बसल्यासारखं बसायचं असतं, पाय खांद्याएवढे फाकवून, तळपाय खडकावर टेकवून. नेमक्या याच क्षणी खालून पोरं ओरडतात, "जा रे जा!", आणि दादा वरून ओरडतो, "खाली बघू नको!" खाली बघायलाच हवं, पाय कुठे टाकायचा हे दुसरं कसं कळणार?

म्हणून काठावर सूचना एकाच्याच, आमच्या प्रशिक्षकाच्या. तुम्ही मुलाला तुमचा चेहरा दिसेल असं उभं राहायचं आणि खालचा गलका थांबवायचा. मूल "नको" म्हणालं तर नको. एकदा विचारावं, दुसऱ्यांदा विचारायला हरकत नाही, तिसऱ्यांदा विचारलं की ती जबरदस्ती. परत फिरलेल्या मुलाला लगेच काहीतरी काम द्या: हेल्मेटं वाटणं, नावं टिपणं. दुपारी बरीचशी मुलं आपणहून रांगेत येतात. नाही आली तरी काही बिघडत नाही.

आमचा खडक काळ्या पाषाणाचा आहे. पाचगणीच्या टेबललँडसारख्या जांभ्याच्या कड्यावर आम्ही दोर लावत नाही; जांभा सच्छिद्र, काठाला ठिसूळ. "फोटो भारी येतील" म्हणून आग्रह करू नका. तसंच कास पठारावर तंबू ठोकण्याचं (ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे) आणि वासोटा किल्ल्यावर मुक्कामाचंही. वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे रात्री राहता येत नाही.

वाटेवर

पुढे आमचा एक, शेवटी आमचा एक. दादा-ताईंनी सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाजवळ राहायचं. उत्साही दादा नेहमी पुढच्या टोळीत सापडतो, कारण तिथे गप्पा चांगल्या असतात. पुढची टोळी झाडाखाली दहा मिनिटं बसते, मागचं मूल धापा टाकत पोचतं आणि त्याच क्षणी पुढचे उठतात, "चला, आले सगळे." म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळाली नाही. आमच्याकडे विश्रांती शेवटचं मूल टेकल्यावर सुरू होते.

मे महिन्याचं ऊन आहे, चढ सकाळी दहाच्या आत संपवतो. दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. वीज चमकल्यावर तीस आकडे मोजून व्हायच्या आत गडगडाट ऐकू आला, की पठार सोडायचं आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं. एकट्या झाडाखाली नाही, तंबूतही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. तुमचं मनन अर्धं राहिलं तरी.

आग्या मोहोळाचं जरा जास्त सांगतो, कारण लोक वाघ-बिबट्याचं विचारतात आणि हे विचारतच नाहीत. आपल्याकडच्या कड्यांना आणि किल्ल्यांच्या बुरुजांना ही मोहोळं लटकलेली असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. पोरांच्या बॅगेत डिओ असतोच; ट्रेकच्या सकाळी तो तुम्ही काढून घ्या. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं कापडाने झाकून वाटेनेच लांब पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही. श्वास लागला, तोंड सुजलं किंवा डंख खूप झाले तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

पाण्यात तराफ्याचा खेळ असतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. धरणात पोहायला सोडत नाही.

रात्र

पहिल्या रात्री कुणी झोपत नाही. दुसऱ्या रात्री कुणीतरी रडतं, तिसऱ्या दिवशी भांडणं होतात. बोलावून संदेश देण्याआधी पवित्र शास्त्रातला एलीया आठवा, १ राजे १९. तो मरण मागत झुडपाखाली निजला तेव्हा देवदूताने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा निजला, पुन्हा खाल्लं. "तू येथे काय करतोस" हा प्रश्न त्याला पुढे, होरेबला पोचल्यावर. आमच्या मावशी पिठलं-भाकरी साडेसातला वाढतात. दिवे दहाला बंद. तंबूची चेन रात्रभर लावलेली, कारण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते.

शेकोटी आवारातल्या खड्ड्यातच. मेमध्ये गवत पार वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा. टाळ आणि ढोलकी आमच्याकडे आहेत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा याच साताऱ्यात उघडला. त्यांचे अभंग उघड्या माळावर म्हटले की मोबाइल काढून घेतल्याने रुसलेली पोरंही ताल धरतात.

त्याच शेकोटीवर एक गोष्ट मात्र खटकते. दिवसभर दमलेल्या, भावुक झालेल्या मुलांना एकेक करून उभं करून साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वास सर्वांसमोर सांगायला, लावणं. तो तुमचा प्रांत आहे, तरी अनुभवाने सांगतो: कड्यावरचा "नको" जसा ऐकता, तसा इथलाही ऐका. मंडळीबाहेरचे शाळासोबती येत असतील तर प्रार्थना आणि संदेश कार्यक्रमात आहेत हे त्यांच्या आईवडिलांना आधी सांगा आणि लेखी संमती घ्या. न सांगता आणलेलं मूल आम्ही घेत नाही.

एकटा दादा एका मुलाबरोबर बंद तंबूत किंवा गाडीत नसावा. बोलायचंच असेल तर उघड्यावर, इतरांना दिसेल असं. मुलाने काही गैर घडल्याचं सांगितलं तर "मंडळीत मिटवू" चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाबाबतचा लैंगिक गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

कागद

आरोग्याचा फॉर्म पालक घाईत भरतात आणि दमा, फिट येणं, अॅलर्जी लपवतात, पोराला घरी ठेवतील या भीतीने. आम्ही बहुधा घेतो, फक्त आधी कळायला हवं. दम्याचा पंप मुलाच्या खिशात, दुसरा ताईकडे. ताईंनी सॅनिटरी पॅड जास्तीचे आणावेत. पाळी आलेल्या मुलीला हार्नेसला काही अडचण नाही. तिला वाटलं तर ती चढेल, चारचौघांत विचारू नका.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आमचं प्रमाणपत्र बघायला मागा. दुसरीकडे गेलात तरी मागा.

शिबिराआधीच्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, दादा-ताईंचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण साताऱ्याजवळ यवतेश्वरला असतं. त्याचे पैसे वेगळे नाहीत, पण न येणाऱ्याला गट मिळत नाही. येताना बंद बूट घाला. चपलेवर आलेल्याला कड्याजवळ सोडत नाही, पाळकसाहेब असले तरी.