गोचिडीवर एकच गोळी?

“गोचीड चावली ना? डॉक्सीसायक्लिन घे, सगळं जाईल.” अमेरिकेच्या ईशान्य भागात हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. लाइम आणि अ‍ॅनाप्लाझ्मोसिस हे गोचिडीतून येणारे आजार जिवाणूंमुळे होतात. तिथे हे औषध चालतं. पण तीच हरणावरची गोचीड बॅबेसियाही देऊ शकते. हा मलेरियाच्या जंतूसारखा तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी, डॉक्सीसायक्लिनला दाद न देणारा. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडीने लागतात. म्हणून लाइमचं योग्य औषध सुरू होऊन ४८ तास उलटले तरी जोराचा ताप हटत नसेल, किंवा पांढऱ्या पेशी, प्लेटलेट घटल्या असतील, तर डॉक्टरांना बॅबेसियासाठी रक्त तपासायला सांगा. पोवासन विषाणूवर तर (तोही याच गोचिडीचा!) खास औषधच नाही.