सायलेन्सर मोकळा केला की ट्रकची ओढ किती वाढते?

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीच्या गॅरेजांत जुने ट्रक कामाला लागतात. तक्रार ठरलेली असते : "मिस्त्री, गाडी वढंना झालीया." त्यावरचा एक उपायही ठरलेला आहे. सायलेन्सर कापायचा, आतल्या जाळ्या काढायच्या आणि मागेपर्यंत जाड सरळ पाइप टाकायचा. आवाज भरदार येतो आणि गाडीत दम आला असं वाटतं. खरंच आला का, हे साध्या गणिताने तपासता येतं. तपासावंही, कारण यात मालकाचा पैसा जातो आणि गावाच्या कानाला त्रास होतो.

टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनाचं उदाहरण घेऊ. या आकड्यातच त्याचं माप आहे : सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८ मिलिमीटर. सगळं मिळून ५,६७५ सीसी, म्हणजे पावणेसहा लिटरला थोडं कमी. इंजिन फोर स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत एकदा एवढी हवा आत जाते. २,४०० आरपीएमला हे सेकंदाला वीस वेळा घडतं. टर्बो (जास्त हवा कोंबणारं यंत्र) नसलेल्या इंजिनात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, तरी सेकंदाला शंभरेक लिटर हवा आत जातेच. जळून बाहेर पडताना तिचं तापमान लोडवर पाचशे अंशांच्या घरात असतं, त्यामुळे ती फुगून साधारण २४० लिटर होते. तीन इंची पाइपातून हा वायू ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. दोन इंची पाइप असेल तर वेग त्याच्या सव्वादोन पट.

एवढ्या वेगाने जाणाऱ्या वायूला पाइपाची भिंत, बाक आणि सायलेन्सरमधल्या जाळ्या अडवतात. मग इंजिनाच्या तोंडाशी दाब साठतो. गॅरेजात याला बॅकप्रेशर म्हणतात. साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपुढे पुढची गाडी रिकामी झाल्याशिवाय मागचीचा नंबर लागत नाही, तसंच सिलिंडरचं आहे. जळका वायू पुरता निघाला नाही तर ताज्या हवेला तेवढी जागा कमी पडते. शिवाय तो वायू बाहेर ढकलण्यासाठी पिस्टनला स्वतःची ताकद खर्चावी लागते.

ही ताकद किती? पिस्टन सेकंदाला जेवढं आकारमान सरकवतो त्याने दाबाला गुणलं की उत्तर मिळतं. बॅकप्रेशर १० किलोपास्कल असेल तर ६९७ इंजिनाचे जेमतेम दीड हॉर्सपॉवर त्यात जातात. आता जांभ्या चिऱ्यांनी भरलेला सोळा टनी ट्रक करूळ घाटातून गगनबावड्याकडे चढतोय असं समजा. शंभर फुटांत सहा फूट चढ आणि ताशी २० किलोमीटर वेग धरला तर चाकांपाशी ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर लागतात. सायलेन्सर पूर्ण काढून टाकून वरचे दीड वाचवले, तरी वेग अर्ध्या किलोमीटरनेही वाढणार नाही. ड्रायव्हरला तो फरक कळणारही नाही. त्याला कळतो तो आवाज, आणि आवाजात गेलेली ऊर्जा मोजली तर ती अगदी थोड्या वॅटची निघते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : एक्झॉस्ट, म्हणजे जळका वायू बाहेर नेणारी वाट, बदलून इंजिनात नवी ताकद येत नाही, अडलेली ताकद सुटते. जेवढं अडलं असेल तेवढंच सुटेल.

जुन्या ट्रकांत मात्र पुष्कळ अडलेलं असू शकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गरम असताना ते वाफ होऊन निघून जातं. गाडी थोडं चालून थांबली की सायलेन्सरच्या पोटात साचतं आणि काजळीत मिसळून पत्रा खातं. उसाच्या वाहतुकीतली कित्येक वाहनं पावसाळाभर दारात उभी असतात आणि आपला पाऊस काय असतो हे सांगायला नको. वरचं नळकांडं शाबूत दिसतं, पण आतली भोकं पाडलेली नळी गंजून सुटते आणि आडवी पडून वाट बुजवते. थंड सायलेन्सरवर लाकडी मुठीने ठोकून पाहावं. आत काही खुळखुळलं तर निम्मं निदान तिथंच झालं. एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत त्याची झडप पाहायलाच हवी. घाट उतरताना हीच झडप वायूची वाट मुद्दाम अडवते आणि इंजिन गाडीला रोखून धरतं. ती काजळीने अर्धवट मिटलेली अडकली, तर गाडी चढावरही ब्रेक लावूनच चालते.

टर्बोच्या गाडीत हिशोब आणखी बदलतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं. कल्पना अशी की वाया जाणाऱ्या वायूनेच एक टर्बाइन फिरवायची आणि तिच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची. ही टर्बाइन दोन बाजूंच्या दाबांच्या गुणोत्तरावर चालते. समजा तिच्या आधी दाब २ बार आहे आणि नंतर, तुंबलेल्या पाइपामुळे, १.२५. गुणोत्तर झालं १.६. पाइप मोकळा करून पुढचा दाब १.०५ वर आणला तर गुणोत्तर १.९ होतं. टर्बो लवकर जोर धरतो, हवा वाढते आणि चढावर गिअर टाकल्यावरचा काळा धूर कमी होतो. टर्बोच्या गाडीत एक्झॉस्टवर घातलेला पैसा जास्त वसूल होतो तो यामुळे.

"इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच" असंही सांगितलं जातं. इंजिनाला ते कधीच लागत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात पाइप फार जाड केला तर वायूचा वेग मंदावतो आणि एका सिलिंडरच्या झोताने दुसऱ्याला मिळणारी ओढ कमी होते. नुकसान त्याचं असतं. टर्बोच्या पुढे हे झोत बरेचसे विरलेले असतात, तिथे जाड पाइप चालतो.

आणखी एक गोष्ट मालकांनी नीट ध्यानात घ्यावी. डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती आत जाणाऱ्या डिझेलवर. हवा वाढली, पण इंजिनाच्या डिझेल पंपातून डिझेल तेवढंच आलं, तर धूर आणि उष्णता कमी होते, ओढ थोडीच वाढते. मग पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं जातं आणि खरा धोका इथे सुरू होतो. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि मिश्रधातू त्याच्या कितीतरी आधी ताकद गमावतो. पिस्टन तेलाने आणि ताज्या हवेने निवत राहतो म्हणून टिकतो. टर्बोच्या आधी वायूचं तापमान सातशे अंशांवर गेलं आणि अख्खा घाट चढेपर्यंत तिथंच राहिलं, तर पिस्टनची डोकी जळू लागतात. पंपाला हात लावायचाच असेल तर आधी मॅनिफोल्डवर (सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू एकत्र करणाऱ्या नळकांड्यावर) तापमान दाखवणारा गेज बसवावा. त्याचा खर्च एका हाफ इंजिनच्या, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन बदलण्याच्या, कामापुढे काहीच नाही.

मॅनिफोल्डची गळतीही अशीच दुर्लक्षिली जाते. बिडाचा मॅनिफोल्ड तापून-निवून तडकतो, गॅस्केट जळतं आणि टर्बोपर्यंत पोचायचा दाब वाटेतच फुसकन निघून जातो. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो, बॅटरी मारून पाहिला की दिसतो. पुष्कळदा गाडीची गेलेली ओढ एवढ्याशा गॅस्केटने परत येते.

नवा पाइप टाकायचाच असेल तर व्यासाचा फायदा मोठा आहे. तेवढाच वायू वाहताना घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होते. अडीच इंचाचा तीन इंच केला की घट चाळीस टक्क्यांवर येते. पण एकच बाक चिमटून दुमडला तर हा फायदा पुष्कळसा जातो. जुने कारागीर पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, मग तापवून वाकवतात ते याचसाठी : वाळूमुळे पाइप आत चेपत नाही, बाकावरही गोल राहतो. वाळू ओली राहिली तर वाफेने पाइप फुटतो, म्हणून ती आधी भाजून घ्यावी लागते. असा बाक करून देणारा माणूस सापडला तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

सगळ्याच्या आधी मोजणी. टर्बोतून वायू बाहेर पडल्यानंतरच्या सरळ पाइपावर एक नट वेल्ड करायचा, त्यातून काही फूट तांब्याची नळी काढायची म्हणजे वायू निवतो, आणि तिला कमी दाबाचा गेज जोडायचा. पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरलं तरी चालतं : दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक पडला की १० किलोपास्कल झाले. बऱ्याच डिझेल इंजिनांची मर्यादा याच्या आसपास असते, आपल्या इंजिनाची सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी. मोजायचं मात्र भरल्या गाडीत, चढावर, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून. गॅरेजात उभ्या गाडीला रेस देऊन उपयोग नाही, कारण लोड नसताना डिझेल कमी जळतं, टर्बो जोर धरत नाही आणि आकडा फसवा येतो. आकडा मर्यादेच्या आत असेल तर एक्झॉस्टला हात लावू नये. एअर फिल्टर, नोझल, टॅपेट आणि पंपाचं टायमिंग पाहावं.

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना एवढंच सांगेन की त्यांचा पाइप आधीच आखूड असतो, छोटा सायलेन्सर काढून जवळजवळ काहीच मिळत नाही. आणि कायदाही आहे : केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. बीएस ६ या प्रदूषण मानकाच्या नव्या गाड्यांतला काजळीचा फिल्टर काढणं तर साफ चूक आहे. जुन्या ट्रकाला जाड पाइपासोबत मोठ्या पोटाचा चांगला सायलेन्सर बसवला, तर दाब मर्यादेत राहतो आणि आवाजही. काम झाल्यावर तोच गेज लावून, तेवढाच माल भरून, त्याच चढावर पुन्हा आकडा घ्यावा आणि दोन्ही आकडे मिस्त्रीसमोर वहीत लिहून मगच बिल द्यावं.