मणक्याच्या कडेवर थांबणारे प्रोटॉन

खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात ‘प्रोटॉनचं मशीन’ सुरू झाल्यापासून ठाण्यातली ओळखीची माणसं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "हा नेहमीपेक्षा जास्त पॉवरचा शेक असतो का हो?" रेडिएशनला आपल्याकडे कितीतरी जण शेकच म्हणतात, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. गाठीला मिळणारा डोस मात्र साधारण तेवढाच असतो. फरक पडतो तो गाठीच्या पलीकडे.

नेहमीच्या रेडिएशनमधले क्ष-किरण त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटरवर सर्वांत जास्त ऊर्जा टाकतात, मग क्षीण होत होत गाठीतून पार होतात आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. वाटेतल्या निरोगी अवयवांनाही त्याचा वाटा सोसावा लागतो.

प्रोटॉन म्हणजे अणूच्या केंद्रातला धनभारित कण. त्याची चाल निराळी. संध्याकाळी जांभळी नाक्याच्या बाजारातून कुणी तरातरा निघालं, तर त्याचा खिसा फारसा हलका होत नाही. चाल मंदावली की प्रत्येक गाड्यापाशी पाय रेंगाळतात, पैसे सुटतात. आणि प्रोटॉनचं तर असं, की पैसे सुटले की चाल आणखी मंदावते. शेवटच्या चार गाड्यांवर उरलंसुरलं सगळं संपतं आणि गडी तिथेच थांबतो. शरीरात शिरताना प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त असू शकतो. तेव्हा वाटेतल्या अणूंजवळ तो क्षणभरही टिकत नाही, म्हणून ऊर्जा कमी देतो. थांबण्याआधीच्या काही मिलिमीटरमध्ये मात्र तो ती भडाभडा ओततो. त्यापुढे जवळपास काहीच नाही. शेवटी ओतलेल्या ऊर्जेच्या या उंचवट्याला ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात. विल्यम हेन्री ब्रॅग यांना ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किरणोत्सारी पदार्थांतून निघणाऱ्या अल्फा कणांमध्ये दिसलं होतं. त्याचा उपयोग कर्करोगावर करावा, हे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने 1946 साली सुचवलं आणि 1954 मध्ये अमेरिकेत बर्कलीला पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. भारतात प्रोटॉन उपचार 2019 मध्ये चेन्नईत आले, त्यानंतर खारघरला.

खारघरमध्ये उपचारांच्या तीन खोल्या आहेत. सायक्लोट्रॉन हे कणांना वेग देणारं यंत्र प्रोटॉनना सुमारे 230 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेतं. एवढ्या ऊर्जेने ते पाण्यात 30 सेंटिमीटरहून खोल जातात. गाठ उथळ असेल तर वाटेत ग्रॅफाइटसारखा अडसर घालून ऊर्जा कमी करतात. मग बारीक झोत चुंबकांनी हलवत, ठिपक्याशेजारी ठिपका, थरामागून थर अशी गाठ भरून काढतात. रांगोळीचे ठिपके जसे, पण तीन मितींत.

याचं मोल सर्वांत जास्त कळतं ते लहान मुलांत. मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत मेंदूसोबत अख्ख्या मज्जारज्जूलाही किरण द्यावे लागतात. पाठीतून सोडलेले क्ष-किरण पुढे हृदय, फुप्फुसं, आतडी यांतून जातात. प्रोटॉन मणक्यापाशी थांबवता येतात. इथे एक बारकावा मला फार विचारी वाटतो: वाढत्या वयाच्या मुलात झोत मणक्याच्या मध्ये थांबवत नाहीत, सहसा मणक्याच्या पुढच्या कडेपर्यंत नेतात. कारण किरणांनी हाडाची वाढ खुंटते. मणक्याचा मागचा भाग खुंटला आणि पुढचा वाढत राहिला, तर पाठ वाकडी होईल. सहा वर्षांच्या मुलाची पाठ तो तिशीत गेल्यावर कशी असेल, याचा विचार किरणांच्या आराखड्यातच होतो.

सगळ्यांनाच प्रोटॉन लागतात असं मात्र नाही, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं. अनेक कर्करोगांत आजचे चांगले क्ष-किरण उपचार पुरेसे ठरतात. प्रोटॉन मिळाले नाहीत म्हणून कुणी खचू नये. शिवाय नेमकं थांबणं ही जशी ताकद, तशी ती जोखीमही आहे. श्वासागणिक हलणारी फुप्फुसातली गाठ, नाकाच्या पोकळीत साचलेला द्रव, उपचारांदरम्यान घटलेलं वजन, यांपैकी कशानेही थांबण्याची जागा सरकू शकते.

म्हणून तर डोक्याच्या उपचारात डोकं हलू नये यासाठी मास्क असतो. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती थंड होऊन त्या चेहऱ्याच्या आकाराची, कडक होते. रोजच्या उपचाराला तोच मास्क टेबलाला पक्का करतात. उपचार सुरू असताना गाल उतरले आणि मास्क सैल झाला, तर पुन्हा सीटी स्कॅन काढून गरज पडल्यास आराखडा नव्याने मांडतात.