क्रूझ ठरली, आता विमानाचं तिकीट कधी काढायचं?

क्रूझचं डिपॉझिट भरलं की ग्राहकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "विमानाचं तिकीटही आत्ताच काढून टाकू का? नंतर भाव वाढले तर?" प्रश्न रास्त आहे, पण क्रूझसाठीच्या विमानप्रवासात भावाचा नंबर दुसरा लागतो. पहिली गोष्ट ही की विमानाचं तिकीट क्रूझपेक्षा जास्त पक्कं होऊन बसता कामा नये. क्रूझ अजून बदलू शकते, रद्द होऊ शकते, तुम्हीही तिच्यातून बाहेर पडू शकता. अशा काळात परतावा न मिळणारं तिकीट घेतलं, तर डिपॉझिट परत येईलही, तिकिटाचे पैसे मात्र गेले.

इतक्या लवकर तिकीट मिळतच नाही

क्रूझ कंपन्या आपल्या सफरी दीड-दोन वर्षं आधी विक्रीला काढतात. विमान कंपन्या मात्र साधारण ३३० ते ३६० दिवस आधीच जागा खुल्या करतात. त्यामुळे दीड वर्ष आधी क्रूझ घेणाऱ्याला काही महिने थांबावंच लागतं. इथे एक बारकावा असा की ही मुदत परतीच्या विमानालाही वेगळी लागू होते. पंधरा दिवसांच्या प्रवासात जाण्याची तारीख आज खुली झाली, तर परतीची त्यानंतर पंधरा दिवसांनी होते. तेवढा धीर न धरता काही जण जाण्याचं तिकीट आधी आणि परतीचं नंतर काढतात. दोन एकेरी तिकिटं मोठ्या विमान कंपन्यांकडे बऱ्याचदा महाग पडतात, शिवाय दोघांचे नियम वेगवेगळे.

अगदी पहिल्या दिवशी दिसणारा भाव सर्वात स्वस्त असतो, असंही नाही. त्या वेळचं वेळापत्रकही बरंचसं कच्चं असतं. जगभरच्या विमानसेवेचे दोन हंगाम आहेत. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या दोन सांध्यांच्या आसपास वेळा सरकतात आणि काही उड्डाणं बंदही होतात. वसंतात जहाजं कॅरिबियनमधून युरोपकडे जातात आणि शरद ऋतूत उलट दिशेने येतात. या एकेरी सफरी भाड्याला स्वस्त म्हणून लोकांना आवडतात, पण त्यांच्या तारखा नेमक्या या सांध्यांजवळ येतात. अशा सफरीसाठी अकरा महिने आधी काढलेल्या तिकिटाची वेळ शेवटपर्यंत तीच राहील, असं धरून चालू नका. दोन तासांचं कनेक्शन पुढे पाऊण तासावर आलेलं असू शकतं.

वेळ फार बदलली तर विमान कंपनी दुसरं उड्डाण देते किंवा पैसे परत करते. अमेरिकेत २०२४ पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत उड्डाणात ३ तास किंवा आंतरराष्ट्रीय उड्डाणात ६ तासांहून जास्त फरक पडला आणि तुम्ही तो नाकारलात, तर परतावा मिळतो. पण हातात पैसे आले म्हणजे जहाज गाठता आलं असं नव्हे. नवं तिकीट त्या दिवशीच्या भावानेच घ्यावं लागतं.

फायनल पेमेंटची तारीख धरून चाला

क्रूझच्या कन्फर्मेशनवर उरलेली सगळी रक्कम भरण्याची शेवटची तारीख असते (हेच फायनल पेमेंट), तिच्याकडे लोक फक्त पैसे भरण्यापुरतं पाहतात. बहुतेक सफरींना ती निघण्याच्या ९० दिवस आधी असते. छोट्या सफरींना ती आणखी जवळ येते, लांबच्यांना १२० दिवसांपर्यंत मागे जाते. त्या तारखेआधी क्रूझ सोडली तर फार तर डिपॉझिट जातं, आणि परत मिळणारं डिपॉझिट असेल तर तेही जात नाही. त्या तारखेनंतर रद्द करण्याचा दंड पायरीपायरीने वाढत पूर्ण रकमेपर्यंत पोहोचतो. म्हणजे क्रूझ खऱ्या अर्थाने पक्की होते ती या तारखेला, डिपॉझिटच्या दिवशी नव्हे.

बदल कंपनीकडूनही होतात. अख्खं जहाज एखाद्या संस्थेला भाड्याने दिलं जातं आणि आधीच्या प्रवाशांना दुसरी तारीख सुचवली जाते. जहाज दुरुस्तीसाठी गोदीत जातं. कधी निघण्याचं बंदरच बदलतं. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहराजवळच्या कालव्यातून जायला बंदी केली आणि बऱ्याच सफरी रावेन्ना किंवा ट्रिएस्टे इथे हलल्या. रावेन्ना व्हेनिसपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे आणि त्याला व्हेनिसपेक्षा बोलोन्याचा विमानतळ जवळचा. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरचा पूल कोसळून बंदराचा मार्ग अडला, तेव्हा तिथली जहाजं नॉरफोकहून सुटू लागली. असे प्रसंग रोज घडत नाहीत. पण करारात बदलाचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो, आणि तुम्ही वेगळं काढलेल्या विमानाच्या तिकिटाची जबाबदारी ती सहसा घेत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा: फायनल पेमेंटआधी तिकीट घ्यायचंच असेल तर परतावा मिळणारं किंवा निदान बदलता येणारं घ्या. स्वस्त पण परतावा न मिळणारं, न बदलणारं तिकीट घ्यायचं असेल तर त्या तारखेपर्यंत थांबा. लांबच्या प्रवासासाठी पाच-सहा महिने आधीपासून भाव बघत राहिलात, तर चांगला भाव कोणता हे तोवर कळलेलं असतं.

'बदलता येणारं' आणि 'परतावा मिळणारं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात दंड नसला तरी भाड्यातला फरक भरावा लागतो. दुसऱ्यातही पैसे खात्यात येणार की मुदत असलेलं क्रेडिट मिळणार, हे विचारून घ्या. वर्षभरात संपणारं क्रेडिट ज्याला पुन्हा उडायचंच नाही त्याच्या काय कामाचं?

थांबू नये अशी वेळ

वरचा सल्ला सगळ्यांना सारखा लागू नाही. शाळांच्या सुट्ट्यांत किंवा वर्षाअखेरीस जायचं असेल, जवळच्या विमानतळावर दिवसाला एक-दोनच उड्डाणं असतील, किंवा आठ-दहा जणांना एकाच विमानाने जायचं असेल, तर जागा खुल्या झाल्यावर फार वाट पाहू नका. बदलता येणारं तिकीट घ्या आणि वरचे चार पैसे सोडा.

मोठ्या कुटुंबासाठी एक युक्ती. एकाच वर्गातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गटात चारच जागा उरल्या असतील आणि तुम्ही सहा जणांसाठी शोध घेतलात, तर सहाही जणांना बहुधा वरच्या गटाचाच भाव दिसतो. आधी एकासाठी शोधून बघा. फरक मोठा असेल तर बुकिंग दोन भागांत करता येतं. मात्र त्यात लहान मुलं आईवडिलांपासून वेगळ्या बुकिंगवर जाणार नाहीत, एवढं सांभाळा.

मंगळवारी रात्री तिकिटं स्वस्त होतात, हे आमच्याकडे येणारा दुसरा-तिसरा माणूस सांगतो. तसा कोणताही जादूचा वार नाही. खरी मर्यादा वेगळीच आहे. कित्येक स्वस्त भाड्यांना निघण्याआधी २१, १४ किंवा ७ दिवसांची अट असते आणि ती ओलांडली की भाव एकदम वर जातो. तीन आठवड्यांच्या आत येऊन ठेपू नका.

ज्यांना व्हिसा लागतो त्यांचं गणित आणखी आधी सुरू होतं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. त्यासाठी सहसा विमानाचं आरक्षण दाखवलं तरी पुरतं, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवणारं तिकीट टाळा. जहाज मध्येच तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जाऊन परत येणार असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं, म्हणजे तिथली परवानगीही लागते.

जहाज थांबत नाही

या बाबतीत आम्ही हट्टी आहोत: जहाज निघण्याच्या दिवशी पोहोचणारं विमान घेऊ नका. आदल्या दिवशी पोहोचा. समुद्रापार लांबून जाणार असाल, वाटेत विमान बदलणार असाल किंवा हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या विमानतळावरून जाणार असाल, तर दोन दिवस आधी. जहाजावर चढण्याची नोंद निघण्याच्या तास-दीड तास आधी बंद होते आणि उशिरा आलेल्या प्रवाशासाठी गँगवे (जहाजावर चढायची शिडी) पुन्हा लावत नाहीत. १९ जुलै २०२४ ला एका सॉफ्टवेअर अपडेटमुळे जगभर संगणक बंद पडले आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. तो शुक्रवार होता, आणि कितीतरी सफरी शनिवार-रविवारी सुटतात. हातात एक दिवस जास्त असलेल्यांना निदान दुसरं विमान शोधायला वेळ होता.

पुढच्या बंदरावर जहाज पकडू, असं कुणी म्हटलं तर तेही जपून. खर्च तुमचा, त्या देशाचा व्हिसा तुमचा, आणि कधी कायदाच आडवा येतो. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्याने परदेशी ध्वजाच्या जहाजाला, दूरच्या परदेशी बंदराला न जाता, प्रवाशाला एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेता येत नाही. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी ध्वजाचीच आहेत. त्यामुळे सिअॅटलहून निघून तिथेच परतणारी अलास्का सफर चुकली, तर वाटेतल्या केचिकन या अलास्कातल्या बंदराला विमानाने जाऊन जहाजावर चढू देतील, या भरवशावर राहता येत नाही.

तारखांचा गोंधळही नेहमीचा आहे. लांबचं विमान आज निघून उद्या उतरतं. 'एक दिवस आधीचं' म्हणून घेतलेलं तिकीट प्रत्यक्षात जहाजाच्या दिवशीच पोहोचवतं. पॅसिफिक ओलांडताना तर तारीख मागेपुढे होते. आधी हॉटेलची रात्र कागदावर लिहा, मग त्या रात्रीच्या आत उतरणारं विमान शोधा.

परतीचं विमान दुपारनंतरचं

जहाज सकाळी सहा-सातला धक्क्याला लागतं, पण सात वाजता तुम्ही टॅक्सीत नसता. सगळे उतरेपर्यंत नऊ-दहा वाजतात, मग सामान, इमिग्रेशन आणि त्यानंतर रस्ता. तो रस्ता बंदराप्रमाणे फार बदलतो. फोर्ट लॉडरडेलचं बंदर विमानतळाला जवळपास लागूनच आहे. पोर्ट कॅनाव्हरल ते ऑर्लंडो विमानतळ सुमारे ७० किलोमीटर. 'रोम'हून निघणारं जहाज चिव्हिटावेक्कियाहून निघतं, तिथून फ्युमिचिनो विमानतळ ६० किलोमीटरच्या पुढे. साउदॅम्प्टन ते हीथ्रो शंभरच्या वर. अलास्कात सीवर्डला उतरलात तर अँकरेज सुमारे २०० किलोमीटर. जवळच्या बंदराला दुपारी एकनंतरचं विमान ठीक. लांबच्या बंदराला संध्याकाळचं घ्या, नाहीतर एक रात्र राहा. हिवाळ्यात गॅल्व्हेस्टनसारख्या बंदरात धुकं पडलं की जहाज आत येण्यासाठी तासन् तास बाहेर ताटकळतं, तिथे दुपारचं विमानही जुगारच.

एकच तिकीट, आणि क्रूझ कंपनीचं तिकीट

वाटेत विमान बदलायचं असेल तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर हवेत. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी तेव्हाच कंपनीवर राहते. वेगळ्या तिकिटावर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी असता. एका बंदरातून चढून दुसऱ्यात उतरणार असाल, तर दोन एकेरी तिकिटांऐवजी बहुशहरी (मल्टी-सिटी) तिकीट शोधा. आणि लक्षात ठेवा, पहिला टप्पा न वापरता सोडून दिला तर बहुतेक कंपन्या परतीचा टप्पाही आपोआप रद्द करतात.

रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस यांसारख्या क्रूझ कंपन्या स्वतःही विमानाची तिकिटं देतात. पैसे काही वेळा क्रूझच्या फायनल पेमेंटबरोबर भरता येतात आणि विमान चुकलं तर जहाजापर्यंत पोहोचवायला कंपनी मदत करते. थांबायचं नाही, पण धोकाही नको, अशांसाठी हा मधला मार्ग बरा. तोटा असा की काही भाड्यांत विमान कंपनी आणि वेळ तीच ठरवते, दोन-दोन कनेक्शनही येऊ शकतात. आदल्या दिवशी पोहोचायचं असेल तर तसं आधीच सांगून घ्या.

प्रवास विमा डिपॉझिटच्या सुमारास घ्या. वादळ जाहीर झाल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही. विमान उशिरा झाल्यामुळे जहाज चुकलं तर भरपाई किती तासांच्या उशिरानंतर लागू होते, ते कलम वाचा.

आमच्याकडे येताना

क्रूझचं कन्फर्मेशन आणा. त्यावर बंदराचं नेमकं नाव, फायनल पेमेंटची तारीख आणि डिपॉझिटची अट असते, या तिन्हींवरून तिकिटाचा प्रकार ठरतो. सगळ्यांचे पासपोर्ट आणा. तिकिटावरचं नाव त्याच्याशी अक्षरशः जुळायला हवं, आणि बऱ्याच देशांना प्रवासानंतर सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. तिकीट देण्यापूर्वी आम्ही क्रूझचं बुकिंग पुन्हा उघडून बंदर आणि वेळ तपासतो. तुमच्याकडे विमान कंपनीकडून वेळ बदलल्याचा ईमेल किंवा संदेश आला, तर 'स्वीकार' दाबण्याआधी तो आम्हाला पाठवा. एकदा बदल स्वीकारला की फुकट दुसरं उड्डाण किंवा परतावा मागण्याची संधी बऱ्याचदा तिथेच संपते.