बातमीचा सागरी प्रवास (युरोप–पश्चिम हिंदुस्थान)

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून शिडाच्या जहाजांनी होणारी बातम्यांची आणि सरकारी पत्रांची ने-आण. सोळाव्या शतकापासून 1830 पर्यंत तिच्या वेगात फारसा फरक पडला नाही. पत्र पोचायला साधारण पाच-सहा महिने लागत आणि उत्तर हाती येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज उलटे.

या उशिराला अंतराइतकाच वाराही कारणीभूत होता. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजे नैऋत्य मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत; परतीसाठी डिसेंबर-जानेवारीचा हंगाम साधावा लागे. तो चुकला की पत्रे मोझांबिकच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने पडून राहत. 1 डिसेंबर 1640 रोजी लिस्बनमध्ये पोर्तुगालवरची स्पेनच्या राजाची सत्ता झुगारण्यात आली. गोव्यात नव्या राजाच्या नावाची द्वाही फिरली ती सप्टेंबर 1641 मध्ये. मधले नऊ महिने इथला कारभार पदच्युत राजाच्या नावाने चालला होता.

जहाज बुडण्याचे किंवा शत्रूच्या हाती पडण्याचे भय कायम असे. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या जहाजांतून पाठवत. निकडीच्या वेळी इंग्रज कंपनी मुंबईहून बसऱ्यापर्यंत गलबताने आणि पुढे वाळवंटातून सीरियातील अलेप्पोपर्यंत सांडणीस्वारांकरवी खलिते रवाना करी. ही वाट जवळची असली तरी तिच्यावर लुटारूंचे भय होते.

मराठ्यांच्या इतिहासाला या दिरंगाईची झळ थेट लागली. 6 मार्च 1775 रोजी मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि साष्टी-वसईच्या बदल्यात त्यांना पेशवाई मिळवून देण्याचे मान्य केले. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने हा तह अनधिकृत ठरवला, आपला वकील पाठवला आणि 1 मार्च 1776 रोजी बारभाईंशी, म्हणजे राघोबादादांच्या विरोधात पेशवाईचा कारभार हाती घेतलेल्या मुत्सद्द्यांशी, पुरंदरचा तह केला. त्यानंतर काही महिन्यांनी लंडनच्या संचालकांचे पत्र येऊन थडकले, तर त्यात सुरतेच्या तहाला मंजुरी! पुरंदरचा तह झाल्याचे ते लिहिणाऱ्यांच्या गावीही नव्हते. मुंबईकरांना मात्र या पत्राने बळ आले. राघोबादादांना त्यांनी सोडले नाही आणि अखेर त्यांची फौज पुण्याच्या वाटेवर चालून आली. जानेवारी 1779 मध्ये वडगावला तिला शरण यावे लागले. युद्धाला इतरही कारणे होती. तरी मालकांची आज्ञा आणि घडलेली वस्तुस्थिती यांच्यात वर्षाचे अंतर असले म्हणजे जागेवरचा अधिकारीच खरा धनी होतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

याहून दुःखद उदाहरण तमिळ किनाऱ्यावरच्या कुडलूरचे. इंग्लंड-फ्रान्समधील प्राथमिक तहावर 20 जानेवारी 1783 रोजी सह्या झाल्या होत्या. बरोबर पाच महिन्यांनी, 20 जून रोजी, कुडलूरसमोर दोन्ही आरमारे एकमेकांवर तोफा डागत होती. तहाची वार्ता त्यानंतर काही दिवसांनी आली. त्या दिवशी मेलेले खलाशी, युरोपात केव्हाच थांबलेल्या युद्धात मेले.

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली आणि सुमारे महिन्याभरात तिथे पोचली. तिच्यात इतका कोळसा भरावा लागला की उतारूंच्या जागेतही तोच होता. वाटेत कोळशाची वखार हवी, हे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एडनवर 1839 मध्ये कंपनीने ताबा मिळवण्यामागचे एक मोठे कारण. पुढे सुएझ-इजिप्तच्या वाटेने टपाल दीड महिन्याच्या आत-बाहेर लंडनला पोचू लागले. 10 मे 1857 चा मेरठचा उठाव लंडनला कळला तो जूनच्या अखेरीस.

1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतळाशी तार टाकली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-लंडन जोडले गेले. महिन्यांचा प्रवास काही तासांवर आला. तारेचा दर जबर असल्याने लांबलचक मजकूर बोटीनेच जाई. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव तारेने कळे आणि त्या सौद्याचे कागद काही आठवड्यांनी मेलबोटीने हाती पडत.